गर्भातली अफू आणि तान्ह्याचं आतडं

जुलाब लागले की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आपण लोपरामाइडची छोटी गोळी आणतो. तिचं कूळ कोणतं, हे सहसा कुणी विचारत नाही. ती अफूच्या घराण्यातली आहे. मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, फेंटानिल, गर्द (म्हणजे भेसळीचं हेरॉइन) ही सगळी मंडळी त्याच घरातली. लोपरामाइडने नशा चढत नाही, कारण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक पंप असतो आणि तो नेहमीच्या डोसमधलं हे औषध आत शिरू देत नाही, परत रक्तात ढकलतो. आतड्यापाशी मात्र तिला कुणी अडवत नाही. तिथे ती आतड्याची हालचाल मंदावते आणि जुलाब थांबतात.

अफूवर्गी औषधांना, म्हणजे ओपिऑइडना, आपण मेंदूची औषधं समजतो. दुखणं थांबतं, झोप येते, नशा होते, सवय लागते, हे सगळं डोक्याशी जोडलेलं आहे. पण ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ज्या खाचांत बसून ही औषधं काम करतात, ते आतड्याच्या भिंतीतही खच्चून भरलेले असतात. गरोदरपणात आईच्या शरीरात ही औषधं महिनोन्‌महिने जात राहिली, तर जन्मानंतर बाळाचं काय होतं हे समजून घ्यायचं तर थरथर आणि रडणं यांच्या जोडीने त्याच्या पोटाकडेही बघायला हवं. वॉर्डात आणि घरीही नेमकं तेच मागे पडतं. थरथरणारं बाळ सगळ्यांना दिसतं. पातळ शी मात्र ‘लहान बाळांना होतंच’ म्हणून दुपट्याबरोबर धुतली जाते.

आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतंत्र जाळं असतं, त्यात दहा कोटींहून जास्त पेशी. अन्न पुढे कधी ढकलायचं, पाणी किती सोडायचं, कुठे थांबायचं, हे बरंचसं ते मेंदूला न विचारता ठरवतं. स्नायूला ‘आवळ’ असा निरोप द्यायचा असला की या पेशी अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतात. ओपिऑइडचा रेणू त्या पेशीवरच्या रिसेप्टरवर बसला की हे रसायन कमी सुटतं. अन्न पुढे नेणारी लाट विरते, आतडं जागच्या जागी आवळत राहतं, रस कमी पाझरतो आणि आतला माल कोरडा पडत जातो. कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन घेणाऱ्या आजी-आजोबांना डॉक्टर त्याच चिठ्ठीवर पोट साफ होण्याचं औषध लिहून देतात ते म्हणूनच. गंमत अशी, की औषधाची झापड काही दिवसांत अंगवळणी पडते, बद्धकोष्ठ मात्र अंगवळणी पडत नाही.

आतड्याचं आणि अफूचं हे नातं इतकं पक्कं आहे, की शरीर स्वतःही अफूसारखे रेणू बनवतं हा शोध आतड्याच्याच मदतीने लागला. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनला जॉन ह्यूज आणि हॅन्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून काढलेला अर्क गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर सोडून पाहिला. विजेच्या हलक्या झटक्याने आकुंचन पावणारा तो तुकडा मॉर्फिन टाकल्यासारखा मंद झाला, आणि नॅलोक्सोन हे अफूचा उतारा असलेलं औषध घातल्यावर परत हलू लागला. त्या अर्कातल्या रेणूंना एन्केफॅलिन हे नाव मिळालं. थोडक्यात, आतड्याला अफूची भाषा जन्मजात येते. बाहेरून येणारं औषध तीच भाषा फार मोठ्याने बोलतं.

आता गर्भाशयात जाऊ. गर्भ साधारण चार आठवड्यांचा असताना त्याच्या मानेच्या बाजूच्या काही पेशी निघतात आणि अन्ननलिकेपासून खाली सरकत सातव्या आठवड्याच्या सुमाराला आतड्याच्या टोकापर्यंत पोचतात. आतड्याचं मज्जाजाळं यांच्यातूनच तयार होतं. काही बाळांत या पेशी शेवटपर्यंत पोचत नाहीत आणि आतड्याचा खालचा भाग कधी सैलच पडत नाही. त्याला हर्शस्प्रंगचा आजार म्हणतात. त्याचा ओपिऑइडशी संबंध नाही. तो सांगितला एवढ्याचसाठी, की हे जाळं पेशींच्या प्रवासातून घडतं हे लक्षात यावं. ते जन्मानंतरही पक्कं होत राहतं. आणि ही घडण चालू असते त्याच काळात आईच्या रक्तातलं औषध नाळेतून बाळाकडे येत असतं. ओपिऑइडचे रेणू छोटे आणि चरबीत सहज विरघळणारे असल्यामुळे वार त्यांना फारसं अडवत नाही. बाळाचं यकृत अजून कच्चं, त्यामुळे औषधाचा निचरा सावकाश होतो. त्यातलं काही बाळाच्या लघवीवाटे गर्भजलात उतरतं आणि बाळ ते पाणी गिळतं, म्हणजे तेच औषध परत पोटात. शेवटच्या महिन्यांत बाळ रोज अर्ध्या लिटरच्या आसपास गर्भजल गिळत असतं. म्हणूनच आईने गरोदरपणाच्या उत्तरार्धात घेतलेल्या औषधांच्या खुणा बाळाच्या पहिल्या काळ्या शीत सापडतात. गरज पडली तर प्रयोगशाळेत तीच तपासतात.

एक धोका अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतलाही आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेच्या २०११ मधल्या अभ्यासात, गर्भ राहण्याच्या आगेमागे ओपिऑइड वेदनाशामकं घेतलेल्या आयांच्या बाळांत हृदयातले काही दोष, पाठीच्या कण्याचा एक दोष आणि गॅस्ट्रोस्कायसिस यांचं प्रमाण थोडं जास्त आढळलं. गॅस्ट्रोस्कायसिस म्हणजे बेंबीशेजारी पोटाच्या भिंतीला भोक राहून आतडी बाहेर येणं. हा दोष मुळातच फार कमी बाळांत असतो, त्यामुळे प्रमाण वाढलं तरी बहुतेक बाळं त्यातून सुटलेलीच असतात.

गर्भात असताना मंदावलेल्या आतड्याचं कुणाला काही कळत नाही. तिथे दूध पचवायचं नसतं आणि शी करायची नसते. अडचण सुरू होते ती नाळ कापल्यावर. औषधाचा पुरवठा त्या मिनिटाला बंद होतो आणि लक्षणं औषधाच्या नेमकी उलटी दिसतात. असं का, ते समजायला कात्रजचा चढ डोळ्यासमोर आणा. हँडब्रेक अर्धा ओढलेला ठेवून गाडी चढवायची, तर ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबून ठेवतो. महिनोन्‌महिने ब्रेक लागलेला असल्याने बाळाच्या चेतापेशींनीही तसाच जोर वाढवून ठेवलेला असतो. ब्रेक एकदम सुटतो, पण पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच. मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनलीन हे अंगाला ताणात ठेवणारं रसायन उसळतं, आतड्यात अ‍ॅसिटिलकोलीन. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातली माणसं मोठ्यांच्या या अवस्थेला ‘टर्की’ म्हणतात. अंग मोडून येणं, नाक गळणं, पोटात मुरडा आणि जुलाब. तान्ह्या बाळाचीही ही टर्कीच, फक्त त्याने काही घेतलेलं नसतं आणि त्याला सांगता येत नाही.

अशा बाळाचं रडणं चिरकं आणि न थांबणारं असतं. हातपाय थरथरतात, अंग ताठ राहतं, सारख्या शिंका आणि जांभया येतात. पोटाच्या बाजूने पाहिलं तर ते अधाशासारखं मूठ चोखतं, पण छातीला लावल्यावर चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसत नाही. थोडं पितं, सोडतं, रडतं. गुळण्या आणि उलट्या होतात. शी पाण्यासारखी आणि वारंवार होते. आतड्यातून घाईघाईने आलेल्या शीत पित्त आणि पाचक रस शिल्लक असतात, त्यामुळे ढुंगणाची कातडी सोलल्यासारखी लाल होते. त्या जागेच्या जळजळीनेही बाळ रडतं आणि बघणाऱ्याला वाटतं, टर्की वाढली. झिंक ऑक्साइडचं मलम जाड थरात लावलं आणि लंगोट लगेच बदलला, तर काही बाळांचं रडणं तेवढ्यानेही कमी होतं.

वजनाची गोष्ट त्याहून गंभीर. कुठलंही नवजात बाळ पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. पण सतत थरथरणारं, कमी झोपणारं, उलट्या-जुलाब होणारं बाळ कमावतं कमी आणि खर्च करतं भरपूर. निरोगी बाळाला दर किलोमागे रोज साधारण १०० ते १२० कॅलरी पुरतात, अशा बाळाला १५० किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. म्हणून त्याला थोडं थोडं आणि जास्त वेळा पाजतात, आणि गरज पडली तर दुधात जादा कॅलरी मिसळतात.

हे सगळं कधी दिसू लागतं, ते औषधावर अवलंबून. गर्दसारख्या लवकर उतरणाऱ्या औषधांत बहुधा पहिल्या तीन दिवसांत, मेथाडोनसारख्या रेंगाळणाऱ्या औषधांत पाच-सात दिवसांपर्यंतही. पुण्यात नॉर्मल बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडतात. म्हणजे लक्षणं नेमकी माहेरी पोचल्यावर सुरू होणार, आणि घरातली मोठी माणसं म्हणणार, “दृष्ट लागली” किंवा “आईच्या खाण्यात काहीतरी आलं.”

आता जिवाणूंकडे वळू. या विषयावर सध्या सगळ्यात जास्त उत्साहाने लिहिलं जातं आणि सगळ्यात जास्त घाईही इथेच होते. जन्मताना बाळाच्या आतड्यात आईचे जिवाणू उतरतात. अंगावरच्या दुधात काही साखरी अशा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बायफिडो जातीच्या जिवाणूंचं खाद्य. ते जिवाणू वाढले की आतड्यात आम्लता येते, उपद्रवी जिवाणूंना जागा उरत नाही आणि एका पेशीच्या जाडीचं ते आतड्याचं अस्तर घट्ट राहतं. मॉर्फिन दिलेल्या प्रौढ उंदरांत हे अस्तर सैल पडतं आणि जिवाणू भिंतीपलीकडे झिरपतात, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. गाभण उंदरिणीला ओपिऑइड दिलं, तर पिल्लांच्या आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलते आणि त्यांची वेदनेची जाणीवही बदलते, असंही आढळलं आहे. मंद आतड्यात जिवाणूंना रेंगाळायला वेळ मिळतो, आईच्या आतड्यातली वस्ती बदललेली असेल तर बाळाला मिळणारा वारसाही बदललेला असतो, असा त्यामागचा तर्क आहे आणि तो पटण्यासारखा आहे.

पण माणसाच्या बाळात हा धागा सुटा करणं अवघड. अशा बाळांपैकी बरीच सिझेरियनने येतात, वेळेआधी येतात, काचेच्या पेटीत राहतात, वरचं दूध पितात, त्यांना अँटिबायोटिक मिळतं. आई सिगारेट ओढत असते, नीट जेवत नसते. यातली प्रत्येक गोष्ट एकटीसुद्धा जिवाणू बदलते. त्यामुळे ‘गर्भात अफू मिळालेल्या बाळाचं पोट जन्मभर बिघडलेलं राहतं’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर मी विश्वास ठेवणार नाही. प्रोबायोटिकचे थेंब विकणाऱ्याने सांगितलं तर मुळीच नाही.

उपचारांत मात्र गेल्या काही वर्षांत खरंच मोठा बदल झाला आहे, आणि त्याचा पोटाशी जवळचा संबंध आहे. १९७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉ. लोरेटा फिनेगन यांनी या बाळांसाठी गुणांचा तक्ता तयार केला. थरथरीला इतके गुण, शिंकेला इतके, पातळ शीला इतके. बेरीज ठरावीक आकड्यावर गेली की मॉर्फिनचे थेंब सुरू. हो, बाळाला परत ओपिऑइडच द्यायचं आणि डोस हळूहळू उतरवत न्यायचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सावकाश उचलायला वेळ मिळावा म्हणून ते दिलं जातं, आणि तीव्र लक्षणं असलेल्या बाळाला आजही त्याची गरज पडते. नवी पद्धत आधी तीनच प्रश्न विचारते. बाळ पुरेसं पितं का? सलग तासभर झोपतं का? रडलं तर दहा मिनिटांत शांत करता येतं का? उत्तरं ‘हो’ असतील तर शिंका मोजत बसायच्या नाहीत. ‘नाही’ असतील तर पहिला उपाय म्हणजे अंधारी, शांत खोली, घट्ट गुंडाळलेलं दुपटं, आईच्या छातीवर उघड्या अंगाने झोपवणं आणि अंगावरचं दूध. अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांतल्या सुमारे १३०० बाळांवर याची चाचणी झाली, निष्कर्ष २०२३ मध्ये आले. जुन्या पद्धतीत बाळं घरी जाण्याजोगी व्हायला सरासरी १४.९ दिवस लागत होते, नव्या पद्धतीत ८.२. ओपिऑइड द्यावं लागण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर आलं.

‘ही तर आपली बाळंतिणीची खोली!’ असं वाचणाऱ्याच्या मनात येईल. येऊ दे, पण फुशारकी नको. मुंबईच्या गिरण्यांत पाळीवर जाणाऱ्या बायका तान्ह्यांना दिवसभर झोपवायला अफूची ‘बाळागोळी’ द्यायच्या, ही गोष्टही आपल्याच घरांतली. गिरणीत पाळणाघर नाही, घरी सांभाळणारं कुणी नाही, मग दुसरं काय करणार होत्या त्या?

अंगावरच्या दुधाबद्दल घरोघरी गोंधळ असतो. आई व्यसनावरच्या उपचारासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन नियमित घेत असेल, गर्द किंवा इतर काही घेत नसेल आणि दुसरं वैद्यकीय कारण आड येत नसेल, तर तिने पाजावं असाच सल्ला दिला जातो. या औषधांचा दुधात उतरणारा अंश फार थोडा असतो, आणि पाजलेल्या बाळांची लक्षणं सौम्य राहतात. चीक तर वाया घालवूच नये. कोडीन आणि ट्रॅमाडॉलचा हिशेब वेगळा. काहींच्या यकृतात त्यांचं रूपांतर फार झपाट्याने तीव्र रेणूंत होतं, आणि पिणारं बाळ गुंगीत जाऊन त्याचा श्वास मंदावू शकतो. पाजणाऱ्या आयांनी ती टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला.

आपल्याकडे हे कितपत घडतं? अमेरिकेत २०१७ मध्ये दर हजार जन्मांमागे सुमारे सात बाळांत ही टर्की नोंदली गेली, म्हणून बहुतेक संशोधनही तिथलंच. भारतात २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातल्या सुमारे २.१ टक्के लोकांनी वर्षभरात ओपिऑइड वापरल्याचं दिसलं, त्यात पुरुषच बहुसंख्य. पुण्यात ड्रग्ज म्हटलं की हल्ली एमडी आठवतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी पकडलेला साठा त्याचाच होता. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, हे उत्तेजक आहे, ओपिऑइड नव्हे, आणि या लेखातली यंत्रणा त्याला लागू नाही. मला जास्त काळजी वाटते ती कंबरदुखीवर किंवा जुन्या अपघातानंतर सुरू झालेल्या आणि मग सुरूच राहिलेल्या ट्रॅमाडॉल-टॅपेंटाडॉलच्या गोळ्यांची, आणि कोडीनच्या खोकल्याच्या बाटल्यांची. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं, तरी ‘डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी’ ही त्याची घरातली ओळख बदललेली नाही. जी बाई स्वतःला व्यसनी समजत नाही, तिला पहिल्या तपासणीत ‘काही व्यसन?’ असं विचारलं तर ती ‘नाही’ म्हणणार, आणि तिच्या दृष्टीने ते खरंच असणार. ‘रोज कुठली गोळी घेता?’ असं विचारलं तर ती सांगेल.

त्यातून दोन प्रश्न नेहमी येतात. डिंकाच्या लाडवातली खसखस चालते का? चालते. मॉर्फिन खसखशीच्या बोंडाच्या चिकात असतं. स्वयंपाकातल्या धुतलेल्या, भाजलेल्या चमचाभर दाण्यांनी बाळाला सवय लागत नाही. न धुतलेल्या दाण्यांचा किंवा बोंडांचा काढा करून पिणं मात्र नशाच. आणि कळांमध्ये घेतलेलं इंजेक्शन किंवा एपिड्युरल, म्हणजे कळा जाणवू नयेत म्हणून पाठीच्या कण्यात दिलेलं औषध? एखाद्या डोसने टर्की होत नाही. बाळ काही तास झोपाळू राहू शकतं, श्वासाकडे लक्ष ठेवावं लागतं, एवढंच. सवय लागते ती आठवड्यांच्या, महिन्यांच्या रोजच्या वापराने.

रोजचा वापर असेल, तर गरोदर असल्याचं कळल्या दिवशी गोळ्या कचऱ्यात टाकणं हा धाडसी पण चुकीचा निर्णय. आईला टर्की लागली की गर्भावर ताण येतो, वेळेआधी कळा येण्याची भीती असते, आणि बहुतेक वेळा बाई काही दिवसांत परत गोळीकडे वळते. त्याऐवजी डॉक्टर तिला ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनच्या ठरावीक डोसवर स्थिर ठेवतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ब्युप्रेनॉर्फिन घेतलेल्या आयांच्या बाळांना मेथाडोन गटाच्या तुलनेत मॉर्फिन खूपच कमी लागलं आणि त्यांचा रुग्णालयातला मुक्कामही कमी भरला, सरासरी १० दिवस विरुद्ध साडेसतरा. पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आणि बायकांसाठी तिथे ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. गरोदर बाईने तिथे किंवा अन्यत्र विचारताना आपल्या प्रसूतितज्ज्ञांनाही सोबत घ्यावं, कारण डोस दोघांनी मिळून ठरवायचा असतो.

घरी आणलेल्या बाळाला जुलाब होत असतील तर सुरुवातीला सांगितलेली लोपरामाइडची गोळी कुटून देण्याचा विचारही करू नये. दोन वर्षांखालच्या मुलांना ती वर्ज्य आहे, आतडं ठप्प होऊन जिवावर बेतू शकतं. आणि सगळीच उलटी टर्कीची नसते. उलटी हिरवी झाली, पोट फुगून टणक झालं किंवा शीत रक्त दिसलं, तर सकाळची वाट न बघता बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात जायचं. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो.

बाळंतपणाला दाखल होतानाच डॉक्टर आणि सिस्टरना औषधाचं नाव, डोस आणि शेवटची गोळी कधी घेतली ते सांगावं, नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर नको असेल तर एकटीने. याला एक अगदी रोकडं कारण आहे. जन्मताच श्वास मंद असलेल्या बाळाला नॅलोक्सोन द्यावं का, हा प्रश्न खोलीत काही सेकंदांत उभा राहू शकतो. आई महिनोन्‌महिने ओपिऑइड घेत असेल तर ते इंजेक्शन बाळाला एका झटक्यात टर्कीत ढकलतं आणि आकडी आणू शकतं. म्हणून माहीत असेल तर डॉक्टर ते टाळतात, मास्क लावून श्वास देतात, आणि बाळाला तिसऱ्या दिवशी घरी न पाठवता आठवडाभर डोळ्यांखाली ठेवतात.